अराकूची कॉफी : एकरभर शेत, साऱ्या गावाचा दर्जा

भारतातल्या कॉफीचा विषय निघाला की कूर्ग आणि चिकमगळूर ही नावे आधी येतात, आणि त्यांच्यासोबत तिथल्या जुन्या इस्टेटी. पण पूर्व घाटात, आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला, कॉफीचा असा एक मुलूख आहे जिथे इस्टेटी जवळजवळ नाहीतच. अराकू खोरे आणि त्याभोवतालच्या डोंगरांत दीड लाखाहून अधिक आदिवासी कुटुंबे कॉफी पिकवतात. बहुतेकांकडे एक-दोन एकर उताराची जमीन असते. त्यांची कॉफी आज पॅरिसमध्ये विकली जाते आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे.

इतक्या लहान शेतांतून जागतिक दर्जाची कॉफी येते कशी? हवा आणि माती अनुकूल आहे, हे उत्तर खरे असले तरी अर्धेच आहे. ही हवा-माती शंभर वर्षांपूर्वीही होती. तेव्हा अराकूच्या कॉफीचे नाव कुणी घेत नव्हते. मधल्या काळात चार गोष्टी जुळल्या : जमिनीचा हक्क, डोक्यावर सावली, तोडलेले फळ त्याच दिवशी उचलणारी व्यवस्था आणि पिकलेल्या फळाला मिळणारा वेगळा भाव. अराकूची कॉफी समजून घ्यायची तर या चारही गोष्टी पाहाव्या लागतात.

मुलूख आणि माणसे

विशाखापट्टणमहून घाट चढत साधारण ११५ किलोमीटर गेले की अराकू लागते. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचे लोहखनिज बंदरावर आणण्यासाठी १९६०च्या दशकात टाकलेला किरंदूलचा लोहमार्ग याच डोंगरांतून, बोगद्यांमागून बोगदे पार करत जातो. वाटेत बोर्रा गुंफा आहेत. हा सगळा भाग पूर्वी विशाखापट्टणम जिल्ह्यात होता. एप्रिल २०२२ मध्ये अल्लुरी सीताराम राजू हा वेगळा जिल्हा झाला आणि पाडेरू त्याचे मुख्यालय ठरले.

समुद्रसपाटीपासून ९०० ते ११०० मीटर उंची, थंड रात्री आणि पावसाळ्यानंतरची कोरडी हवा अरेबिका कॉफीला मानवते. अराकूखेरीज अनंतगिरी, पाडेरू, चिंतपल्ली, गूडेम हेही कॉफीचेच पट्टे आहेत. बगता, कोंध, कोंडा दोरा, पोरजा, गदबा, वाल्मीकी, कोटिया अशा अनेक जमातींची गावे इथे एकमेकांना लागून वसलेली आहेत. सीमेपलीकडे ओडिशाचा कोरापुट जिल्हा आहे आणि तिथल्या डोंगरांतही कॉफी होते.

पोडूपासून कॉफीपर्यंत

पूर्व घाटात कॉफी आली ती १८९८ मध्ये. ब्रोडी नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने गोदावरीच्या बाजूला पामुलेरू खोऱ्यात पहिली लागवड केली. पुढे १९२०च्या दशकात जयपूर संस्थानच्या महसूल अधिकाऱ्यांमार्फत ती अराकू आणि चिंतपल्ली भागात पोचली. हे जयपूर म्हणजे आजच्या ओडिशातले. त्यानंतर कित्येक वर्षे कॉफी परसातले झाड म्हणूनच राहिली. घरापुरती, नाहीतर आठवडी बाजारात थोडीफार विकण्यापुरती.

इथल्या लोकांची मुख्य शेती होती पोडू, म्हणजे डोंगरउतारावरचा जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत नाचणी, सामा, कडधान्ये घेण्याची फिरती शेती. कोकणात आणि सह्याद्रीत एके काळी कुमरी शेती होत असे, तिच्याच जातीची. दोन-तीन हंगाम घेऊन तुकडा सोडून द्यायचा आणि जंगल पुन्हा वाढले की काही वर्षांनी परतायचे. जंगल मुबलक होते तोवर हे चक्र नीट चालत होते. १८८२च्या मद्रास वन कायद्याने सरकारने जंगलाभोवती रेषा आखल्या, पोडूवर बंधने आणली आणि आदिवासी स्वतःच्याच डोंगरात गुन्हेगार ठरले. त्यातून पेटलेल्या असंतोषाने १९२२ ते १९२४ या काळात अल्लुरी सीताराम राजूंच्या नेतृत्वाखाली रंपा बंडाचे रूप घेतले. या बंडात हल्ला झालेल्या पहिल्या पोलीस ठाण्यांपैकी एक होते चिंतपल्लीचे. आज तीच चिंतपल्ली कॉफीसाठी ओळखली जाते.

स्वातंत्र्यानंतर लोकसंख्या वाढली, तुकडा मोकळा ठेवण्याची वर्षे कमी होत गेली आणि उतार बोडके पडू लागले. पोडूला बंदीऐवजी पर्याय देण्याचा विचार इथून सुरू झाला. १९५६ मध्ये गिरिजन सहकारी महामंडळ स्थापन झाले. १९६० पासून वन खात्याने राखीव जंगलात कॉफी लावायला सुरुवात केली आणि पुढे त्या सुमारे दहा हजार एकरांची व्यवस्था १९८५ मध्ये वनविकास महामंडळाकडे गेली. खरा पालट झाला तो पाडेरूच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने आणि कॉफी बोर्डाने कुटुंबांच्या स्वतःच्या जमिनीवर लागवड सुरू केल्यावर. कॉफीला सावली लागते, म्हणजे कॉफी लावायची तर आधी मोठी झाडे लावावी लागतात. शिवाय कॉफीचे झाड एकदा लागले की कित्येक वर्षे फळ देते, त्यामुळे तो तुकडा पुन्हा जाळायचे कारण उरत नाही. उतारावर झाडे परत आली आणि घरात रोख पैसा येऊ लागला. आता या भागातले कॉफीचे क्षेत्र दोन लाख एकरांच्या पुढे गेले आहे.

जमीन कुणाची?

अराकूत बड्या कंपन्यांच्या इस्टेटी का झाल्या नाहीत, याचे उत्तर कायद्यात आहे. हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला प्रदेश. आंध्रच्या १९५९च्या जमीन हस्तांतरण नियमांनी, आणि १९७०च्या कडक दुरुस्तीने, अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासींना विकण्यास मनाई केली. तरीही खाणींसाठी भाडेपट्टे दिले जात होतेच. अनंतगिरी मंडलातल्या अशाच पट्ट्यांविरुद्ध 'समता' ही संस्था न्यायालयात गेली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खाजगी खाण कंपन्यांना भाडेपट्ट्याने देता येणार नाही. देशभरातल्या आदिवासी हक्कांच्या लढ्यात 'समता निकाल' आजही आधाराला घेतला जातो.

वन हक्क कायदा आला २००६ मध्ये. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीचे पट्टे त्यामुळे कुटुंबांच्या नावावर होऊ लागले. कॉफीच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. रोप लावल्यापासून पहिले फळ हाती यायला तीन ते चार वर्षे लागतात. उद्या जमीन राहील की नाही याची खात्री नसेल तर एवढी वाट कोण पाहील? ज्याच्याकडे कागद आहे तो सावलीचे झाड लावतो आणि छाटणीवर मेहनत घेतो. दर्जाची पहिली पायरी तलाठ्याच्या दप्तरात असते, असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

सावलीतले शेत

ब्राझीलमध्ये बरीचशी कॉफी उघड्या उन्हात, यंत्राने तोडता येईल अशा सरळ ओळींत वाढते. अराकूतले शेत पहिल्या नजरेला शेत वाटतच नाही. वरच्या थरात सिल्व्हर ओक, फणस, आंबा आणि जंगली झाडे. त्यांच्या खोडांवर चढलेले काळ्या मिरीचे वेल. आणि या सगळ्यांखाली छातीपर्यंत छाटलेली कॉफी. मिरीला चांगला भाव असतो. ज्या वर्षी कॉफी कमी येते त्या वर्षी घर मिरीवर तगते.

सावलीमुळे तापमान उतरते आणि फळ सावकाश पिकते. अरेबिकाला फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत आठ-नऊ महिने लागतात. या काळात बीमध्ये साखर आणि सुगंधाचे घटक साठत जातात. गळलेल्या पानांचे खत होते, मुसळधार पावसात उताराची माती धरून राहते. इथल्या बहुतेक शेतकऱ्यांना रासायनिक खते-औषधे कधी परवडलीच नाहीत. नाइलाजाने आलेली ही सवय पुढे सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवताना कामी आली.

वाणांची निवड हाही महत्त्वाचा भाग. अरेबिकाचा जुना शत्रू म्हणजे पानांवरचा तांबेरा. १८६९ नंतर सिलोनची कॉफी याच रोगाने धुऊन नेली आणि तिथे चहा आला. चिकमगळूरजवळच्या बाळेहोन्नूर इथल्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने तांबेऱ्याला तोंड देणारी वाणे तयार केली. त्यांपैकी 'सिलेक्शन ९' मध्ये इथिओपियातल्या एका अरेबिकाचा आणि तिमोर बेटावरच्या संकरित झाडाचा अंश आहे. 'कावेरी', 'एस ७९५' आणि 'चंद्रगिरी' हीही याच संस्थेची लोकप्रिय वाणे. प्रत्येकाची चव वेगळी असते, म्हणून रोपवाटिकेत कोणते बी रुजवले याचा परिणाम थेट कपात जाणवतो.

'स्पेशालिटी' म्हणजे नेमके काय?

दुकानातल्या पाकिटांवर हा शब्द आता सर्रास छापलेला दिसतो, पण त्याला ठरीव अर्थ आहे. १९७४ मध्ये एर्ना क्नुटसेन या अमेरिकेतल्या व्यापारी बाईंनी तो रूढ केला. एखाद्या विशिष्ट जागेच्या हवामानातून आलेली, स्वतःची वेगळी चव असलेली कॉफी, असा त्यांचा आशय होता. पुढे व्यवहारात मोजमाप आले : प्रशिक्षित परीक्षकांनी १०० पैकी ८० किंवा त्याहून अधिक गुण दिले तर ती कॉफी स्पेशालिटी. कच्च्या बियांच्या ३५० ग्रॅमच्या नमुन्यात काळी पडलेली, आंबलेली किंवा बुरशी धरलेली एकही बी चालत नाही. किरकोळ दोषही मोजकेच खपवून घेतले जातात.

चव परीक्षेची रीत जगभर जवळपास एकच आहे आणि ती पाहण्यासारखी असते. एकाच नमुन्याचे पाच कप मांडतात. प्रत्येकात सव्वाआठ ग्रॅम ताजी दळलेली कॉफी, त्यावर ९३ अंशांच्या आसपासचे दीडशे मिलिलिटर पाणी. ढवळायचे नाही. वर जाड साय आल्यासारखा थर जमतो. चार मिनिटांनी परीक्षक नाक कपाला लावून चमच्याच्या पाठीने तो थर मोडतो, कारण कोंडलेला वास त्या क्षणी सगळ्यात जास्त सुटतो. मग फेस काढून टाकायचा, कॉफी थोडी निवू द्यायची आणि चमचाभर घेऊन मोठ्याने भुरका मारायचा. भुरक्याने द्रव तुषार होऊन टाळ्यापर्यंत पोचतो आणि चवीबरोबर वासही कळतो. आंबटपणा कसा आहे, गोडवा किती, घोट जिभेवर जड की हलका, गिळल्यावर काय रेंगाळते, याची नोंद होते. पाच कप ठेवण्याचे कारण असे की, नमुन्यात एखादीच खराब बी असली तरी तिचा कप लगेच वेगळा पडतो.

पाचांतला हा एक खराब कप लहान शेतकऱ्याच्या सगळ्यात मोठ्या अडचणीचे मूळ आहे. ती अडचण सुरू होते तोडणीच्या दिवशी.

तोडणीचा दिवस

मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर आली की कॉफी फुलते. पांढरी, मोगऱ्यासारखी वास देणारी फुले दोन-तीन दिवसांत गळतात. फळे पिकायला लागतात नोव्हेंबरच्या सुमारास आणि तोडणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. फळ करवंदाएवढे असते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर, लाल आणि काळपट फळे एकत्र दिसतात, कारण सगळी एकदम पिकत नाहीत.

चांगल्या कॉफीसाठी पूर्ण लाल झालेलीच फळे हवीत. तोडणारी बाई, कारण हे काम बहुधा बायकाच करतात, कमरेला टोपली बांधते, एका हाताने फांदी ओढून धरते आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत एकेक फळ पिरगाळून काढते. देठ फांदीवर राहिला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षीचा डोळा दुखावतो. दहा-बारा दिवसांनी पुन्हा त्याच झाडाशी यायचे. असे तीन-चार फेरे होतात. याउलट फांदी मुठीत धरून सगळी फळे एकदम ओरबाडली तर दिवस वाचतो, पण त्यात हिरवी फळे येतात आणि कपात तुरटपणा उतरतो.

या मेहनतीचा अंदाज एका हिशेबातून येतो. सहा किलोच्या आसपास फळांपासून एक किलो कच्ची बी मिळते. भाजताना तिचे वजन साधारण सोळा टक्के घटते. एका कपाला पंधरा ग्रॅम कॉफी धरली तर एका किलो बियांचे ५५ ते ५६ कप होतात. म्हणजे एका कपामागे शंभर ग्रॅमहून थोडी जास्त, मोजून साठेक फळे लागतात, आणि त्यातले प्रत्येक चिमटीने तोडलेले असते.

फळ उतरल्यावरचे छत्तीस तास

तोडलेले फळ टोपलीतच आंबायला लागते. म्हणून त्याच दिवशी, शक्यतो संध्याकाळपर्यंत, त्यावर प्रक्रिया व्हावी लागते. आधी फळे पाण्यात टाकतात. पोकळ आणि किडकी वर तरंगतात, ती काढून टाकायची. मग पल्परमधून साल निघते. बियांवर बुळबुळीत गोड गर राहतो. तो सुटण्यासाठी बिया साधारण २४ ते ३६ तास टाकीत आंबवतात. मूठभर बिया हातात घेऊन चोळल्या की खडे चोळल्यासारखा आवाज आला पाहिजे. तसा आला की आंबवणे थांबवून त्या धुवायच्या. दोन-चार तास जास्त झाले तर आंबूस वास धरतो, आणि तो पुढे कशानेही जात नाही.

धुतलेल्या बिया जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीच्या मांडवांवर वाळवतात, दिवसभर खालीवर करतात आणि रात्री झाकतात. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आला की वरच्या पातळ टरफलासकट त्या पोत्यांत भरतात. ही झाली 'पार्चमेंट' कॉफी. फळ न सोलता अख्खेच वाळवले तर तिला 'चेरी' कॉफी म्हणतात.

एकरभर शेत असलेल्या एकट्या शेतकऱ्याला हे सगळे कसे जमावे? पल्पर विकत घ्यायचा, डोंगरावर स्वच्छ पाणी आणायचे, मांडव बांधायचे, आणि तेही रोज तोडलेल्या पाच-पन्नास किलो फळांसाठी. बरेच जण फळ अंगणात शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरून वाळवत आणि आठवडी बाजारात व्यापाऱ्याला विकत. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठले की वाळत घातलेला माल भिजायचा, त्यावर बुरशी यायची. शिवाय व्यापारी पोत्याचे वजन करी. लाल-हिरव्याचा भेद तो करत नव्हता. मग शेतकऱ्याने चार फेरे घालून लाल फळ का निवडावे?

दर्जा सगळ्यांनी मिळून

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट सामूहिक प्रक्रियेत सापडली. हैदराबादच्या नांदी फाउंडेशनने या शतकाच्या पहिल्या दशकात इथे काम सुरू केले आणि लहान आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. रचना सोपी ठेवली गेली. पिकलेले लाल फळ गावातूनच, तोडलेल्या दिवशीच उचलायचे. गाडी मध्यवर्ती केंद्रावर न्यायची. सोलणे, आंबवणे, वाळवणे तिथे प्रशिक्षित माणसांनी करायचे. आणि लाल फळाला आधी जाहीर केलेला चढा भाव द्यायचा. हिरवे फळ टोपलीत आले की भाव पडणार हे उघड असल्याने निवड शेतातच होऊ लागली. 'जेम्स ऑफ अराकू' या स्पर्धेत वेगवेगळ्या गावांचे नमुने देशोदेशीच्या परीक्षकांपुढे ठेवले गेले. कोणत्या उतारावरची कॉफी कशी लागते, हे त्यातून स्वतः शेतकऱ्यांना कळू लागले.

या साखळीत प्रत्येक घर दुसऱ्यावर अवलंबून आहे. वीस घरांचे फळ एका टाकीत जाते. एका घराने हिरवे फळ मिसळले तर वीसही घरांचे गुण घटतात, आणि पाचांतला खराब कप नेमका तिथूनच येतो. म्हणून इथे दर्जा कुणा एकाच्या कसबावर टिकत नाही, गावाने एकमेकांवर ठेवलेल्या भरवशावर टिकतो. मला अराकूचे सगळ्यात मोठे यश इथे दिसते.

आनंद महिंद्रा आणि इतर काही उद्योजकांच्या पाठबळाने 'अराकू' हा ब्रँड उभा राहिला. २०१७ मध्ये त्याचे दुकान पॅरिसमध्ये उघडले, पुढे बंगळूर आणि मुंबईतही कॅफे आले. २०१९ मध्ये अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वेळी कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टा जातीच्या कॉफीलाही ते मिळाले. गिरिजन सहकारी महामंडळही शेतकऱ्यांकडून थेट खरेदी करते आणि स्वतःच्या नावाने कॉफी विकते. हंगामाआधी महामंडळाचा खरेदी दर जाहीर होतो. ज्याने आपला माल स्पर्धेला कधी पाठवला नाही त्यालाही या दराचा आधार असतो, कारण खाजगी व्यापाऱ्याला त्याच्या फार खाली जाता येत नाही.

भावाचे चढउतार

सामान्य कॉफीचा भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या वायदेबाजारात ठरतो. २००१च्या सुमारास अरेबिका पौंडाला ५० सेंटच्याही खाली आली होती, तर ब्राझीलमधल्या दुष्काळानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने ४ डॉलर ओलांडले. पाडेरूच्या डोंगरातल्या बाईच्या कष्टात दोन्ही वर्षी काही फरक नव्हता. स्पेशालिटीचा खरा अर्थ शेतकऱ्यासाठी असा, की त्याच्या मालाचा भाव या हेलकाव्यांपासून थोडा सुटतो आणि चवीशी बांधला जातो. थोडाच सुटतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. बाजार वर गेला की व्यापारी दारात येऊन मिळेल ते फळ रोख पैसे देऊन उचलतो आणि सहकारी संस्थेकडे जाणारा लाल माल आटतो. भाव पडला की तोच शेतकरी संस्थेकडे परततो. ज्या संस्था दोन्ही काळांत पैसे वेळेवर चुकते करतात, त्याच टिकतात.

समोरचे धोके

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले आणि डोंगरातले हजारो सिल्व्हर ओक आडवे झाले. काही शेतांत कॉफी झाडांखाली चिरडली, उरलेली एका दिवसात उघड्या उन्हात आली. सिल्व्हर ओक झटपट वाढतो म्हणून त्याची लागवड फार झाली होती. फणस, आंबा आणि स्थानिक जंगली झाडे मिसळून लावणे किती गरजेचे आहे, हे त्या वादळाने दाखवून दिले. खोडकिडाही उन्हातल्या झाडांवर अधिक येतो, त्यामुळे सावली गेली की दुखणी वाढतात.

दुसरा धोका ताजा आहे. फळात शिरून बी पोखरणारा बेरी बोरर हा बारीक काळा भुंगेरा भारतात १९९० मध्ये निलगिरीच्या गुडलूर भागात प्रथम आढळला होता. अराकूचे डोंगर त्यापासून दूर राहिले होते. २०२५ मध्ये तो इथेही सापडला. यावर मुख्य उपाय स्वच्छतेचा : किडकी फळे तोडून उकळत्या पाण्यात बुडवायची आणि पुरायची, हंगाम संपल्यावर झाडावर किंवा जमिनीवर एकही फळ शिल्लक ठेवायचे नाही. एका शेतात सोडलेली फळे शेजारच्या दहा शेतांना किडा पुरवतात, त्यामुळे इथेही गावाने एकत्र यावेच लागते.

तिसरा धोका कागदाचा. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध कायदा केला. त्यानुसार तिथे जाणारी कॉफी कोणत्या जागेवर पिकली हे नकाशावर दाखवावे लागेल. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली तरी दिशा स्पष्ट आहे. ज्यांनी जंगल राखून कॉफी पिकवली त्यांच्यासाठी ही संधी आहे. मात्र हजारो तुकड्यांची मोजणी करून देण्याचे काम शासनाने आणि संस्थांनी अंगावर घेतले पाहिजे. एकेकट्या कुटुंबाला ते झेपणार नाही.

आपल्याकडचे चिखलदरा

महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखले जाणारे ठिकाण म्हणजे मेळघाटातले चिखलदरा. अकराशे मीटरच्या आसपासची उंची, सावली देणारे जंगल आणि कोरकू आदिवासींची वस्ती, असे अराकूशी जुळणारे बरेच काही तिथे आहे. ब्रिटिश काळापासून कॉफीची झाडे तिथे आहेत, तरी मोठी बाजारपेठ उभी राहिली नाही. अराकूचा अनुभव पाहता, रोपे वाटून हा प्रश्न सुटणार नाही. लहान प्रमाणात का होईना, पण फळ त्याच दिवशी घेणारे केंद्र, ठरलेला भाव आणि वनहक्काचे पक्के पट्टे हे तिन्ही एकत्र आले, तर तिथल्या कुटुंबांना चांगले जोड उत्पन्न मिळू शकेल.

विकत घेताना आणि करताना

मराठी घरात कॉफी म्हणजे बहुधा दूध, साखर आणि वरून किसलेले जायफळ. ती आवडीने प्यावीच. पण अराकूसारखी कॉफी एकदा तरी काळी पिऊन पाहावी, कारण तोडणीपासून वाळवणीपर्यंत जपलेला गोडवा दुधात लपतो. पाकिटावर काही गोष्टी पाहा. भाजल्याची तारीख असावी. महिना-दीड महिन्याच्या आतली उत्तम. गाव किंवा भाग, वाण आणि प्रक्रिया लिहिलेली असावी. चिकोरी आहे का ते वाचा. आपल्या नियमांनुसार मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे उरलेला जवळपास अर्धा भाग चिकोरी असू शकतो, आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापणे बंधनकारक आहे.

घरी करायला मोठे यंत्र लागत नाही. पंधरा ग्रॅम कॉफी, २४० मिलिलिटरच्या आसपास पाणी. पाण्याला उकळी आली की अर्धा मिनिट थांबा, पूड त्यात चार मिनिटे मुरू द्या आणि गाळून घ्या. साखर न घालता पहिला घोट घ्या, मग हवी तर घाला.

आणि विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा : यात शेतकऱ्याला फळाचा भाव काय मिळाला? अनेकांना उत्तर देता येणार नाही. काही जण नेमका आकडा सांगतील. अशांकडूनच कॉफी घ्यावी, कारण गावात लाल फळाला वेगळा भाव मिळत राहिला तरच पुढच्या हंगामात कुणीतरी त्याच झाडाशी चौथा फेरा घालायला तयार होईल.